आधी कोण पडलं? को-जनच्या घड्याळांच्या प्रकल्प नोंदी

२० मे २०२५
हंगाम मार्चमध्ये आटोपला, मिलचे रोलर काढून झाले, आता माझ्या कामाला वेळ मिळेल. काम म्हणजे आमच्या साखर कारखान्याच्या को-जन प्लँटला, म्हणजे उसाच्या चिपाडावर (बगॅसवर) चालणाऱ्या वीजघराला, एसओई बसवायचा. एसओई म्हणजे घटनांचा क्रम मिलिसेकंदापर्यंत नोंदवणारं यंत्र.

हे खूळ डोक्यात शिरलं जानेवारीतल्या ट्रिपपासून. रात्री टर्बाईन पडलं, पाच तास मिल उभी, यार्डात उसाच्या गाड्यांची रांग गेटबाहेर गेली. आम्ही म्हणालो ग्रिड गेलं. सबस्टेशनवाले म्हणाले, लाईन तर चालूच होती, ब्रेकर तुमचाच आधी उघडला. दोघांकडे कागद होते आणि दोघांच्या कागदावरची वेळ वेगळी. शेवटी अहवालात "कारण – ग्रिड" लिहिलं गेलं, कारण अहवाल आम्ही लिहीत होतो.

आज मोबाईल हातात घेऊन प्लँटमधली सगळी घड्याळं तपासत फिरलो. डीसीएसचं (प्लँट चालवायची संगणक यंत्रणा) पहिलं ऑपरेटर स्टेशन ४ मिनिटं १० सेकंद पुढे, शेजारचं दुसरं ३ मिनिटं पुढे. दोन्ही एकाच टेबलावर. टर्बाईनचा वेग सांभाळणारं गव्हर्नर पॅनेल ११ मिनिटं मागे. जनरेटर प्रोटेक्शन रिलेची (बिघाड दिसला की ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) बॅकअप बॅटरी मेलेली, त्यामुळे सप्लाय गेला की तो बिचारा १ जानेवारी २००० पासून नव्याने जगायला लागतो. कंट्रोल रूमच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं. ते शिफ्टचा चहा वेळेवर यावा म्हणून ऑपरेटर रोज लावतात.

२८ मे
पाऊस मे महिन्यातच आला. शेडमध्ये बसून सिग्नलची यादी केली.

यंत्राला ९६ चॅनेल आहेत, मागण्या दीडशेच्या वर. प्रत्येक विभागाला आपला सिग्नल हवा. मी नियम एकच ठेवला: जो सिग्नल दुसऱ्याला पाडू शकतो किंवा दुसऱ्यामुळे पडतो, तो घ्यायचा. ८६ लॉकआऊट रिले (ट्रिप झाल्यावर रिसेट करेपर्यंत पुन्हा चालू होऊ न देणारा), जनरेटर आणि लाईन ब्रेकर, टर्बाईन ट्रिप, स्टॉप व्हॉल्व्ह, व्हॅक्यूम लो, ल्यूब ऑईल प्रेशर, ड्रम लेव्हल, आयडी फॅन, अंडरव्होल्टेज, अंडरफ्रिक्वेन्सी. बगॅस कन्व्हेयरचे लोक नाराज झाले. कन्व्हेयर बंद पडला तर बॉयलरला कळायला काही मिनिटं लागतात, त्याला मिलिसेकंद कशाला?

चीफ इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "डीसीएसमध्ये सगळं येतंच की, परत हा खर्च का?" त्यांना कागदावर काढून दाखवलं. आपल्या डीसीएसचा त्या कार्डांचा स्कॅन ५०० मिलिसेकंदांचा. ५० हर्ट्झला विजेची एक सायकल २० मिलिसेकंदांची. रिलेचा कॉन्टॅक्ट साधारण १० मिलिसेकंदांत हलतो, ब्रेकर ४० ते ६० मिलिसेकंदांत उघडतो. म्हणजे ग्रिडवर फॉल्ट येऊन, रिले चालून, ब्रेकर उघडून, फॉल्ट निघूनही जातो, आणि तेवढ्या वेळात डीसीएसचा एक फेराही पुरा झालेला नसतो. एका फेऱ्यात सापडलेल्या पाच घटना आमचा डीसीएस एकच वेळ देऊन टॅग नंबरप्रमाणे, म्हणजे सिग्नलच्या ओळख क्रमांकाप्रमाणे, एकाखाली एक मांडतो. वाचणाऱ्याला वाटतं तोच क्रम. जानेवारीत आम्ही ज्याच्यावर भांडलो, ती टॅगची यादी होती.

निघताना वायरमन मामा म्हणाले, "साहेब, ऑईल पंपाचा कॉन्टॅक्टर घ्या यादीत. लाईट जरा लवली की एमसीसीत टक् असा आवाज येतो." पंपांच्या मोटरचे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे विजेचे स्विच) घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं. पण मामा तीस वर्षं त्या एमसीसीसमोर, म्हणजे मोटरांच्या स्विचच्या पॅनेलसमोर, उभे आहेत. मेन आणि स्टँडबाय, दोन्ही ऑईल पंप घातले. चॅनेल ९३ आणि ९४.

१० जून
सगळ्या यंत्रांना सॅटेलाईटवरून एकच वेळ देणारं नवीन जीपीएस क्लॉक यायला वेळ आहे. स्टोअरच्या काकांनी एक जुना रिसीव्हर काढून दिला. "चालू आहे, टाकून दिला नव्हता." खिडकीत अँटेना ठेवून चालू केला, वीसेक मिनिटांत सॅटेलाईट धरले. वेळ सेकंदाला बरोबर. वार मंगळवार, तोही बरोबर. तारीख मात्र २५ ऑक्टोबर २००५.

काका म्हणाले, बिघडलाय. बिघडलेला नाही, तो म्हातारा झालाय. जीपीएसच्या मूळ सिग्नलमध्ये आठवड्याचा आकडा दहा बिटांचा असतो, म्हणजे ० ते १०२३. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली, १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. पहिल्यांदा हे ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये. रिसीव्हरचं सॉफ्टवेअर त्यातून वाट काढतं, पण या जुन्याच्या हिशोबाची मुदत संपली आणि तो १०२४ आठवडे मागे गेला. पूर्ण आठवडेच वजा झाल्यामुळे वार चुकत नाही, म्हणून तर चटकन लक्षात येत नाही.

रिसीव्हर परत स्टोअरला दिला. काकांनी त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली: "वेळ चालते, तारीख नको."

२३ जून
नवीन क्लॉक आलं. अँटेना कंट्रोल रूमच्या गच्चीवर बसवली. चिमणी एका बाजूला, पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला, तरी निम्म्याहून जास्त आकाश मोकळं मिळालं. विजेच्या भीतीने अरेस्टर लावला, त्याची अर्थिंग स्ट्रिप वेगळी नेली. केबल ५५ मीटर.

कमिशनिंगला आलेल्या मुलाने केबलचा डिले भरायचा हट्ट धरला. कोॲक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे ४ ते ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ५५ मीटरला पाव मायक्रोसेकंद. आम्हाला एक मिलिसेकंद हवाय, त्याचा हा चार हजारावा भाग. तरी भरू दिला. पोराने शिकलेलं वापरावं.

एक गंमत मात्र बघायला मिळाली. पहिल्यांदा चालू केल्यावर क्लॉक माझ्या मोबाईलपेक्षा १८ सेकंद पुढे होतं. दहा-बारा मिनिटांनी आपोआप मागे उडी मारून जुळलं. जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद मानत नाही, आपली मानते. १ जानेवारी २०१७ पासून हा फरक १८ सेकंदांचा आहे. फरक किती हे सॅटेलाईटच सांगतो, पण त्याचा पूर्ण संदेश साडेबारा मिनिटांचा असतो. तो आकडा कानावर पडेपर्यंत हे क्लॉक आपलीच वेळ सांगत बसतं. म्हणून वहीत लिहून ठेवलं: क्लॉक चालू केल्यावर पंधरा मिनिटं कुठल्याही नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही.

१८ जुलै
दोन दिवस वाया गेले, पण वाया गेले असं म्हणवत नाही.

क्लॉकमधून रिलेंना आयरिग-बी सिग्नल न्यायचा, म्हणजे वायरवरून पल्सच्या भाषेत वेळ सांगायची. ही पद्धत अमेरिकेच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रांनी बसवलेली, आणि साठ वर्षांनी आपल्या उसाच्या कारखान्यात चालते आहे. ऑसिलोस्कोपवर बघायला मजा येते. सेकंदाला १०० पल्स. २ मिलिसेकंद उंच राहिला तर शून्य, ५ राहिला तर एक, ८ राहिला तर खूण. लागोपाठ दोन आठ-आठचे आले की दुसऱ्याच्या चढत्या कडेवर नवीन सेकंद सुरू. आखूड, आखूड, मध्यम, आखूड, लांब. पोरांना बोलावून दाखवलं.

पहिली चूक आमचीच. क्लॉकला दोन आऊटपुट आहेत: एक १ किलोहर्ट्झच्या लाटेवर चढवलेला, एक साधा डीसी पल्सचा. रिलेला साधा हवा होता, आम्ही दुसरा जोडला होता. दिवा लागेना. ते जुळलं तर वेळ साडेपाच तास पुढे. क्लॉक भारतीय वेळ पाठवत होतं आणि रिले त्यात आणखी साडेपाच तास घालत होता. एका ठिकाणी शून्य केलं. गव्हर्नरच्या पॅनेलमध्ये तर टाईम झोन पूर्ण तासांतच टाकता येतो. ज्याने ते लिहिलं, त्याला अर्ध्या तासाचा देश माहीतच नसावा. त्याला क्लॉककडूनच भारतीय वेळ द्यावी लागली.

त्यानंतर खरी डोकेदुखी. जनरेटर रिलेची वेळ मिलिसेकंदाला बरोबर, तारीख १७ जुलै. आज १८. केबल बदलली, पोर्ट बदलला, रिले बंद-चालू केला, तरी १७च. जेवून आल्यावर डोक्यात उजेड पडला. मूळ आयरिग-बी फ्रेममध्ये वर्ष नसतंच, वर्षातला कितवा दिवस एवढंच असतं. आज १९९वा दिवस. रिलेच्या मनात अजून २००० साल, आणि २००० लीप वर्ष होतं. लीप वर्षातला १९९वा दिवस १७ जुलै. रिलेने गणित बरोबर केलं होतं, फक्त शतकाच्या दुसऱ्या टोकाला बसून.

क्लॉक आणि रिले दोन्हीकडे वर्षासकटची वाढीव फ्रेम चालू केली. १८ जुलै २०२५. मामांनी विचारलं, "एवढं कशावर हसताय?" सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अधिक महिन्यासारखंच की." जवळजवळ तसंच.

३० जुलै
आज मॅनेजमेंटपुढे खर्चाचा दुसरा हप्ता मांडला. एमडी साहेबांचा प्रश्न बिनतोड होता: "नियम आपल्याला लागू आहे का?" प्रामाणिक उत्तर, नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या ग्रिड जोडणी नियमांत २२० केव्ही आणि त्यावरच्या केंद्रांना डिस्टर्बन्स रेकॉर्डर आणि इव्हेंट लॉगर सांगितले आहेत, आणि त्यांना जगाच्या एका वेळेशी जुळवायची सोय हवी असंही. आपण १३२ केव्हीवर.

मग तारखेचा आधार घेतला. २०१२ साली आजच्याच दिवशी, पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी, बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन सुटली आणि अख्खं उत्तर ग्रिड बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही बसली. आपण पश्चिम ग्रिडमध्ये, म्हणून वाचलो. अशा वेळी लोक विचारतात ते एवढंच: पहिलं कोण? अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ चा अंधार तपासणाऱ्यांचा कितीतरी वेळ निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदींची घड्याळं एकमेकांशी जुळवण्यातच गेला होता.

पैसे मंजूर झाले. माझ्या भाषणामुळे की जानेवारीतल्या पाच तासांच्या हिशोबामुळे, हे एमडी साहेबांनाच ठाऊक.

११ ऑगस्ट
सकाळी पॅनेलवर "सिग्नल लॉस". रात्रभर पाऊस होता. गच्चीवर जाऊन अँटेनाचा कनेक्टर उघडला तर आतून चमचाभर पाणी निघालं. इन्सुलेशन टेप गुंडाळला होता, तो पावसात नुसता दागिना. आता रबराचा स्वतःत वितळून बसणारा टेप लावला, वर प्लॅस्टिकची टोपी, आणि केबलला कनेक्टरच्या खाली वळसा ठेवला, म्हणजे पाणी तिथून टपकेल.

यातून एक हिशोब करून ठेवला. सॅटेलाईट सुटल्यावर क्लॉक स्वतःच्या क्रिस्टलवर चालतं. क्रिस्टल दशलक्षात एक भाग चुकला, तरी साधारण सतरा मिनिटांत एक मिलिसेकंद हातचा जातो आणि दिवसात ८६. म्हणजे अँटेना मेली तर संध्याकाळपर्यंत एसओईच्या मिलिसेकंदाला अर्थ उरत नाही, आणि स्क्रीनवर आकडा मात्र तितकाच ऐटीत दिसतो. "सिग्नल लॉस"चा कॉन्टॅक्ट एसओईच्याच एका चॅनेलला दिला. नोंदीतच दिसू दे की या वेळेवर विश्वास ठेवू नका.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. सगळ्यांना दुपारी पळायचं होतं आणि मी टेस्टिंग काढली. शिव्या खाल्ल्या.

टेस्ट सोपी. एकच पुशबटन सोळा चॅनेलना समांतर जोडायचं, दाबायचं, सोळाही नोंदी एकाच मिलिसेकंदाला यायला हव्यात. चौदा आल्या. दोन ५० मिलिसेकंद उशिरा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच दोन, पुन्हा बरोबर ५०.

हे दोन्ही ल्यूब ऑईलच्या प्रेशर स्विचचे चॅनेल. प्रेशर स्विचचा कॉन्टॅक्ट थरथरतो, म्हणून कंपनीच्या माणसाने त्यांना ५० मिलिसेकंदांचा फिल्टर लावून ठेवला होता. फिल्टर असायला हरकत नाही, पण हे यंत्र वेळेचा शिक्का फिल्टर पार झाल्यावर मारत होतं. म्हणजे ऑईल प्रेशर आधी पडलं आणि त्याने टर्बाईन पाडलं, तरी नोंदीत टर्बाईन आधी आणि प्रेशर मागून. आरोपी निर्दोष आणि फिर्यादी आत. सेटिंगमध्ये शिक्का पहिल्या हालचालीला मारायचा पर्याय सापडला, तो लावला. सोळाही जुळले.

मग रिले टेस्ट किटने दोन कॉन्टॅक्ट मुद्दाम ५ मिलिसेकंदांच्या अंतराने मारले. नोंद ५. तिथे तपासताना कळलं की ८६ रिलेचा सिग्नल थेट नाही, जास्त कॉन्टॅक्ट हवेत म्हणून मध्ये घातलेल्या ऑक्झिलरी रिलेमधून येतो. तो १२ मिलिसेकंद खातो. जीपीएस कितीही खरं असलं तरी ते त्या मधल्या रिलेची वेळ सांगणार, ८६ ची नाही. ८६ चा एक रिकामा कॉन्टॅक्ट शोधून वायर थेट नेली.

साडेतीन वाजता सगळे गेले. मामा थांबले, वायर त्यांनीच बांधली.

२ ऑक्टोबर
दसरा. बॉयलरचं अग्निप्रदीपन, पूजा, पेढे. एसओईच्या पॅनेललाही मामांनी झेंडूचा हार घातला. हार व्हेंटिलेशनच्या जाळीवरून काढून दाराच्या हँडलला अडकवला.

६ नोव्हेंबर
हंगाम सुरू, जनरेटर ग्रिडशी जोडला. डीसीएसचे दोन्ही पीसी आता एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) क्लॉककडून वेळ घेतात. मिलिसेकंद नाही, पण दोघं एकमेकांना खोटं पाडणार नाहीत एवढं नक्की. वजनकाट्यावरच्या क्लार्कने विचारलं, आम्हालाही जोडा ना, गाडी आधी कुणाची आली यावर रोज भांडणं. बघतो म्हटलं.

१९ नोव्हेंबर
पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी टर्बाईन ट्रिप. शिफ्ट इनचार्जचा फोन: "ग्रिडच गेलं साहेब, लाईट लवली आणि पडलं." पोहोचलो तेव्हा बॅटरीवरच्या डीसी ऑईल पंपाने बेअरिंग सांभाळलं होतं. प्रिंट काढली. जशी आली तशी उतरवतो:

०३:१२:४४.२१८ – १३२ केव्ही अंडरव्होल्टेज आला
०३:१२:४४.२३१ – मेन ऑईल पंप कॉन्टॅक्टर ऑफ
०३:१२:४४.२९६ – १३२ केव्ही अंडरव्होल्टेज गेला
०३:१२:४५.५०४ – ल्यूब ऑईल प्रेशर लो
०३:१२:४५.५२९ – स्टँडबाय ऑईल पंप कॉन्टॅक्टर ऑन
०३:१२:४५.७१० – ल्यूब ऑईल प्रेशर व्हेरी लो
०३:१२:४५.७३६ – टर्बाईन ट्रिप
०३:१२:४६.०११ – स्टॉप व्हॉल्व्ह बंद
०३:१२:४८.०७५ – लो फॉरवर्ड पॉवर
०३:१२:४८.१३२ – जनरेटर ब्रेकर ओपन

दुसरी ओळ तीन-चारदा वाचली. चॅनेल ९३. मामांची टक्.

व्होल्टेज ७८ मिलिसेकंद लवलं आणि परत आलं. लाईन कुठेच सुटली नाही. पण पंपाच्या कॉन्टॅक्टरची कॉईल त्याच बसवर, तिने तेवढ्यात हात सोडला, आणि एकदा सुटल्यावर व्होल्टेज परत आलं म्हणून ती आपण होऊन पुन्हा धरत नाही. सव्वा सेकंदाने प्रेशर खाली आलं. स्टँडबाय वेळेवर सुरू झाला, पण प्रेशर उभं करायच्या आत व्हेरी लो लागला, १८१ मिलिसेकंदांत, आणि त्याने टर्बाईन पाडलं. वाफ बंद झाल्यावर जनरेटरची वीज घटली (लो फॉरवर्ड पॉवर) आणि ब्रेकर सगळ्यात शेवटी उघडला.

डीसीएसच्या अलार्म यादीत ती लवलेली लाईन नाहीच. दोन स्कॅनच्या मधून निसटली. पंपाचा फीडबॅक मिमिकवर (स्क्रीनवरच्या प्लँटच्या चित्रात) रंग बदलतो, पण अलार्ममध्ये तो कुणी घातलेलाच नव्हता. आणि स्टँडबाय पंप ऑन हे प्रेशर लोच्या वर छापलंय, एकाच वेळेला. टॅग नंबर लहान म्हणून.

२१ नोव्हेंबर
सबस्टेशनला जाऊन आलो. मनात धाकधूक होती, जानेवारीत तिथे आवाज चढले होते. इंजिनिअर मॅडमनी चहा सांगितला आणि त्यांच्या रिलेची नोंद काढली. त्यांचीही जीपीएसवर. शेजारच्या १३२ केव्ही लाईनवर फॉल्ट ०३:१२:४४.२०३ ला, त्या लाईनचा ब्रेकर ४४.२७० ला उघडला. ६७ मिलिसेकंदांत फॉल्ट साफ. आमचा अंडरव्होल्टेज त्यांच्या फॉल्टनंतर १५ मिलिसेकंदांनी, रिलेला ओळखायला लागतो तेवढा वेळ.

दोन कागद शेजारी ठेवले. पहिल्यांदाच ते एकाच रात्रीचे वाटले. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे लाईन तुमची चालूच होती." मी म्हटलं, "आणि सुरुवात ग्रिडवरूनच झाली." दोघंही हसलो. जानेवारीत हीच दोन वाक्यं आम्ही ओरडून बोललो होतो.

४ डिसेंबर
मिल क्लीनिंगसाठी थांबली होती, तेवढ्यात दोन्ही ऑईल पंपांच्या कॉन्टॅक्टरची कंट्रोल सप्लाय यूपीएसवर नेली. मग मामांनी एमसीसीची जुनी कंट्रोल सप्लाय पाडून बघितली. कान देऊन उभे राहिलो. काही वाजलं नाही. एसओईवर ९३ आणि ९४ दोन्ही गप्प.

चीफ साहेबांनी विचारलं, जानेवारीच्या अहवालातलं "कारण – ग्रिड" आता बदलायचं का? पंप तोच, कॉन्टॅक्टर तोच, तसंच झालं असणार. पण त्या रात्रीचे मिलिसेकंद कुणाकडेच नाहीत. राहू द्या म्हटलं.

बाकी काम: डीसीएसच्या अलार्म यादीत पंपांचा फीडबॅक घालणे. गच्चीवरचा कनेक्टर दर महिन्याला बघणे. काट्याच्या घड्याळाला एनटीपी.